सांधा दिसू द्या : अनेक प्रवाह ‘एक’ म्हणून वाचण्याविषयी

(छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय वाचून काही जण बुचकळ्यात पडले असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमचं आयुष्य गेलं. आम्ही संगणकाच्या प्रोग्रॅमवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. आज आम्ही प्रोग्रॅम लिहायला शिकवणार नाही, तो तुमच्यातल्या निम्म्या लोकांना आमच्यापेक्षा चांगला येतो. आम्ही एका कल्पनेची समीक्षा करणार आहोत. अनेक फाइली एकापाठोपाठ वाचायच्या आणि वाचणाऱ्याला मात्र ती एकच फाइल वाटली पाहिजे, ही ती कल्पना. दिसायला अगदी साधी आहे. पण तिच्यामुळे आमच्या हातून एक चूक झाली आणि तिचा भुर्दंड एका विद्यार्थिनीला पडला. म्हणून आधी तो प्रसंग सांगतो.

निवृत्तीनंतर आम्ही काही मंडळी ज्ञानेश्वरीची शब्दसूची करायला बसलो. कोणता शब्द कोणत्या अध्यायात, कितव्या ओवीत, एवढंच. अठरा अध्याय अठरा जणांनी आपापल्या घरी टंकित केले. अठरा फाइली झाल्या. वर ‘अध्याय पहिला’, ‘अध्याय दुसरा’ असं शीर्षक, आणि खाली एका ओळीत एक ओवी. ओळखीच्या एका तरुण अभियंत्याने जावा भाषेत प्रोग्रॅम लिहून दिला. तो म्हणाला, “सर, काळजी करू नका. अठरा फाइली आपण एकच प्रवाह म्हणून वाचू. ‘अध्याय’ या शब्दाने सुरू होणारी ओळ आली की मोजणी पुन्हा एकपासून.” ऐकायला बरोबरच होतं. आम्ही माना डोलावल्या. सूची तयार झाली, आणि आम्ही ती एका संशोधक विद्यार्थिनीला वापरायला दिली.

तिच्या प्रबंधाच्या मौखिक परीक्षेत परीक्षकांनी एक संदर्भ वाचला : अठरावा अध्याय, ओवी १८९३. वाचून ते थांबले. प्रचलित प्रतीत अठराव्या अध्यायात १८१० ओव्या आहेत. प्रतीप्रतींत आकडा थोडा मागेपुढे होतो, पण इतका नाही. मग ही १८९३ वी ओवी आली कुठून? मुलीला काय उत्तर देता येणार होतं? ती आमच्यावर विसंबली होती. पुढचे कित्येक आठवडे ती एकेक संदर्भ हाताने तपासत बसली. चूक तिची नव्हती, आमची होती.

आता ही ओवी कुठून आली ते बघू, कारण आमची सगळी समीक्षा त्या उत्तरातच आहे.

मुळात हे यंत्र काय करतं? युनिक्स नावाची संगणक-प्रणाली बेल लॅब्जमध्ये केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनी घडवली. तिच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासून तिच्यात ‘कॅट’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. मांजराशी त्याचा संबंध नाही. जोडणे या अर्थाच्या लांबलचक इंग्रजी शब्दाचं ते आखूड रूप आहे. फाइलींची नावं द्या, तो पहिली संपेपर्यंत वाचतो, मग दुसरी, मग तिसरी, आणि सगळं एका सुरात बाहेर टाकतो. जावा भाषेत, अगदी १९९६ च्या पहिल्या आवृत्तीपासून, हेच काम करणारा एक वर्ग आहे : सीक्वेन्स-इनपुट-स्ट्रीम. त्याला दोन प्रवाह द्या किंवा प्रवाहांची रांग द्या. पहिला संपला की तो त्याला बंद करतो आणि गुपचूप दुसऱ्याकडे वळतो. ‘आता संपलं’ असं तो शेवटचा प्रवाह आटल्यावरच सांगतो. मधल्या समाप्त्या तो गिळून टाकतो. गिळून टाकणं हेच त्याचं काम, हे लक्षात ठेवा.

‘प्रवाह’ या शब्दाजवळ क्षणभर थांबू. आपल्या शहराला प्रवाह नवा नाही. मलिक अंबरच्या काळापासून इथे नहरी आहेत. डोंगरातलं पाणी खापराच्या नळांतून पाणचक्कीवर येतं. चक्कीला पाणी कुठल्या झऱ्याचं आहे याच्याशी देणंघेणं नाही, तिला जोर हवा. कायगाव-टोक्याला प्रवरा गोदावरीला मिळते, तिथून पुढे ओंजळीतलं पाणी कोणत्या नदीचं हे कोण सांगणार? आणि कशाला? म्हणजे पाण्याच्या बाबतीत उगम विसरणं हा दोष नाही. पण हा शब्द आपण मजकुराला लावला की ते विसरणंही सोबत येतं, आणि मजकुराच्या बाबतीत तो दोष ठरू शकतो. रूपक बदललं की गुणही उसने येतात. शिवाय आपलं यंत्र संगमही नव्हे. संगमात दोन्ही पाणी एकदम वाहतात. इथे पाटाच्या पाण्यासारखी पाळी आहे. एकाची पाळी संपल्याशिवाय दुसऱ्याची सुरू होत नाही.

आता त्या १८९३ व्या ओवीचा तपास. तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या.

पहिली, क्रम. फाइलींची नावं ‘अध्याय१’, ‘अध्याय२’ अशी होती. संगणकाने ती अक्षरानुक्रमे लावली. आता अक्षरांच्या हिशेबात १ नंतर २ येत नाही, १० येतो. मग ११, १२ असं करत १८, आणि त्यानंतर २. आपल्याला हे वेडेपणाचं वाटतं, पण शब्दकोश असाच लागतो : ‘क’ने सुरू होणारे सगळे शब्द संपल्याशिवाय ‘ख’ येत नाही. म्हणजे आमच्या प्रवाहात अठराव्या अध्यायाच्या लगेच पाठीमागे दुसरा अध्याय होता. यंत्राने रांग मोडली नाही. आम्ही दिलेली रांगच चुकीची होती. ‘०१’, ‘०२’ अशी नावं दिली असती तर हे टळलं असतं.

दुसरी, शेवटचं एंटर. अठरावा अध्याय टंकणाऱ्या गृहस्थांनी शेवटच्या ओवीनंतर एंटर दाबलं नाही. का दाबावं? त्यांच्या फाइलीपुरतं सगळं व्यवस्थितच होतं. पण यंत्राने समाप्ती गिळली, आणि शेवटच्या ओवीच्या शेपटीला ‘अध्याय दुसरा’ हे शीर्षक चिकटलं. दोन्ही मिळून एकच ओळ झाली. ती ओळ ‘अध्याय’ने सुरू होत नव्हती, म्हणून मोजणी एकवर गेली नाही. दुसऱ्या अध्यायाची पहिली ओवी अठराव्याची १८११ वी झाली. आणि ८३ वी? १८१० अधिक ८३. ते परीक्षकांसमोर उभं राहिलेलं भूत म्हणजे दुसऱ्या अध्यायातली ८३ वी ओवी.

तिसरी गोष्ट जास्त फसवी. काही फाइलींच्या आरंभी डोळ्यांना न दिसणारं एक चिन्ह होतं. युनिकोडमधला मजकूर साठवताना काही प्रोग्रॅम फाइलीच्या डोक्यावर तीन बाइटांची एक खूण ठेवतात. फाइलीच्या अगदी सुरुवातीला तिला अर्थ असतो. जोडलेल्या प्रवाहाच्या मधोमध आली की ती निव्वळ एक अदृश्य अक्षर. पडद्यावर ‘अध्याय सातवा’ स्वच्छ दिसतं, पण यंत्राच्या दृष्टीने ती ओळ ‘अ’ने सुरू होतच नाही. इथेही मोजणी पुढेच धावली. आमच्या अभियंता मित्राने ओळ दहा वेळा डोळ्यांनी पाहिली, दहाही वेळा ती बरोबर होती! प्रत्यक्ष हे प्रमाण खरं, पण दिसतं तेवढंच, हे आम्ही वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलो. त्या दिवशी स्वतः शिकलो.

इथे कुणी म्हणेल, की ही तुमच्या निष्काळजीपणाची गोष्ट झाली, कल्पनेची समीक्षा कुठे आहे? बरोबर. आधी पूर्वपक्ष नीट मांडू. प्रतिपक्षाला दुबळा करून खोडणं आम्हाला मान्य नाही.

पूर्वपक्ष असा. जोडणाऱ्या साधनाने फक्त जोडावं. १९८३ साली रॉब पाइक यांनी एका परिषदेत याच ‘कॅट’वर प्रसिद्ध व्याख्यान दिलं होतं. लोकांनी कॅटला नवनवे पर्याय चिकटवले होते, अदृश्य अक्षरं दाखवण्याचाही एक. त्यांचं म्हणणं असं, की ते कॅटचं काम नाही, त्यासाठी वेगळं साधन करा. एका साधनाने एकच काम नेमकं करावं. या शिस्तीत मोठं शहाणपण आहे. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला एक फाइल आहे की अठरा, हे बघावं लागू नये, म्हणजे तो साधा राहतो. आणि जोडणी बाइटांच्या पातळीवर होते याचा फायदाही मोठा आहे. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइटांत साठतं. ‘कि’ म्हणजे क आणि वेलांटी, सहा बाइट. एखादी मोठी फाइल पाठवण्यासाठी कापली आणि सुरी नेमकी ‘क’च्या पोटात चालली, तर दोन्ही तुकडे वेगवेगळे वाचताना तिथे कचरा दिसेल. पण आधी बाइट जोडले आणि मग अक्षरं वाचली, तर ‘क’ जसाच्या तसा सांधला जातो. इथे समाप्ती गिळणं हे उपकारच आहेत.

हा युक्तिवाद आम्हाला मान्य आहे. पण तो कुठवर मान्य आहे ते बघा. कापलेल्या फाइलीचे तुकडे जोडणं आणि अठरा जणांनी लिहिलेल्या अठरा फाइली जोडणं, ही एकच क्रिया आहे का? यंत्रासाठी आहे. अर्थाच्या दृष्टीने नाही. पहिल्या ठिकाणी वस्तू एकच होती, आपण ती तोडली होती. सांधा हा अपघात, तो नाहीसा व्हायलाच हवा. दुसऱ्या ठिकाणी वस्तू मुळातच अनेक होत्या. तिथे सांधा ही माहिती आहे. ‘तुटलेलं जोडणं’ आणि ‘वेगळं एकापुढे एक ठेवणं’ या दोन क्रियांना आपण एकच नाव आणि एकच अवजार दिलं. आमचा पहिला आक्षेप हा आहे.

जावाच्या दस्तऐवजात या जोडणीला ‘तार्किक’ जोडणी म्हटलं आहे. तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला हा शब्द टोचतो. इथे तर्क कुठला? निव्वळ पौर्वापर्य आहे. एक आधी, एक नंतर. दोघांचा काही संबंध आहे असं ते यंत्र म्हणत नाही, म्हणूही शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. या वर्गाच्या पोटात डोकावलं तर एक गंमत दिसते. त्याला एकदम मोठा घास मागितला आणि मध्ये सांधा आला, तर तो सांधा ओलांडून घास पुरा करत नाही. सांध्यापर्यंत जेवढं मिळालं तेवढंच देतो. किती बाइट तयार आहेत असं विचारलं, तर चालू प्रवाहापुरताच अंदाज सांगतो. म्हणजे सांधा कुठे आहे हे त्याला पक्कं माहीत आहे! पण ‘आता तू कितव्या प्रवाहात आहेस?’ असं विचारायची सोयच ठेवलेली नाही. ठाऊक नसणं वेगळं आणि ठाऊक असून विचारता न येणं वेगळं. याला आम्ही साधेपणा म्हणत नाही, हे लादलेलं विस्मरण आहे.

आता आमच्या घरच्या अंगणात येऊ. याच शहरात १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाविद्यालय सुरू केलं. ते आज मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं आणि त्याचा परिसर म्हणजे नागसेनवन. राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद तुम्हाला ठाऊक आहे. त्यात रथाचा दृष्टान्त सगळ्यांना आठवतो, पण आम्हाला आज दिव्याचा हवा आहे. रात्रभर एक दिवा जळतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि मधल्या प्रहरातली ज्योत एकच का? नाही. मग वेगवेगळे दिवे जळले का? तेही नाही. एकामागून एक येणाऱ्या क्षणांची ती संतती आहे. बौद्ध परंपरा म्हणते, ‘एक’ हे आपण दिलेलं नाव आहे, खरी आहे ती परंपरा, ते एकापाठोपाठ येणं. नैयायिक याला विरोध करतात. त्यांच्या मते धाग्यांपासून वस्त्र बनलं की वस्त्र ही खरोखर नवी वस्तू आहे, धाग्यांहून वेगळा अवयवी आहे.

आमच्या अठरा फाइलींना कोणतं मत लागू? बघा, पेच इथे आहे. ज्ञानेश्वरी हा ग्रंथ एक आहे, त्या अर्थाने अवयवी आहे. पण फाइली अठरा हातांच्या, अठरा सवयींच्या, म्हणून ती नुसती संतती आहे. यंत्राने संततीला अवयवी मानलं, आणि आम्ही यंत्राला मानलं. नागसेनाच्या उत्तरातलं शहाणपण असं, की तो ‘एकच’ही म्हणत नाही आणि ‘निराळे’ही म्हणत नाही. दोन्ही टोकं टाळून तो क्रम सांभाळतो.

दोन्ही सांभाळायची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. वेदपठणात संहितापाठ असतो, त्यात शब्द संधीने एकमेकांत मिसळून अखंड वाहतात. आणि त्याच्या जोडीला पदपाठ असतो, त्यात प्रत्येक पद सुटं करून म्हणतात. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याच्या नावावर आहे. दोन्ही पाठ ठेवण्यामागे कारण आहे : नुसत्या प्रवाहातून सांधा परत काढता येईलच याची खात्री नसते. ‘रामराव’ हे एक नाव की एका फाइलीच्या शेवटचा राम आणि दुसरीच्या सुरुवातीचा राव, हे जोडल्यावर कोण सांगणार?

आणि दुसरं उदाहरण तर इथून पन्नासेक किलोमीटरवर, पैठणचं. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. पुढच्या तीनशे वर्षांत प्रतींमध्ये पाठ बिघडले, भर पडली. एकनाथ महाराजांनी त्या प्रती तपासून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. आम्हाला त्यांची एक गोष्ट फार मोलाची वाटते. शेवटी त्यांनी स्वतःच्या काही ओव्या लिहिल्या. त्यांत शुद्धीकरणाचा शक सांगितला, आणि यात कुणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. म्हणजे त्यांनी जोडलं, पण कुठे ज्ञानदेव संपतात आणि कुठे एकनाथ सुरू होतात ते दिसू दिलं. छापील प्रतींतही त्या ओव्या वेगळ्या कळतात. अठराव्या अध्यायाच्या शेवटी एकनाथांनी सांधा राखला. आमच्या यंत्राने नेमक्या तिथेच दुसरा अध्याय चिकटवला.

संगणकवाल्यांनाही हे सुचलं नव्हतं असं नाही. आहो, वेलचीन, असं आम्ही म्हणणार नाही, नावं सरळ सांगतो : आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन या तिघांनी ‘ऑक’ नावाची छोटी भाषा केली. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरूनच तिला नाव पडलं. ऑकही अनेक फाइली सलग वाचते. पण ती दोन मोजण्या ठेवते. एनआर म्हणजे आरंभापासून कितवी ओळ, आणि एफएनआर म्हणजे या फाइलीतली कितवी. शिवाय चालू फाइलीचं नावही हाताशी असतं. संहितापाठ आणि पदपाठ, दोन्ही! फाइल संपली की तिथे ओळही संपते, पुढच्या फाइलीचं शीर्षक आधीच्या ओवीला चिकटत नाही. पायथन भाषेतल्या ‘फाइलइनपुट’मध्येही हीच सोय आहे. ही ओळ फाइलीतली पहिली आहे का, हेसुद्धा तिथे विचारता येतं. वाचणाऱ्याला नको असेल तर त्याने विचारू नये. पण विचारलं तर उत्तर मिळतं. आमची मागणी एवढीच आहे.

हे इतकं महत्त्वाचं का? न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे, पण कुणाचाही शब्द नव्हे. आप्ताचा, म्हणजे विश्वासार्ह माणसाचा शब्द. वाक्य कुणाचं हे पुसलं गेलं, तर वाक्य शिल्लक राहतं पण प्रमाण जातं. त्या मुलीने दिलेली ओवी खरी होती. शब्द खरे, अर्थ खरा. खोटा होता तो पत्ता. आणि पत्ता खोटा ठरताच परीक्षकांनी ओवीवरही शंका घेतली. घ्यायलाच हवी होती. आज सगळं जग मजकुराचे ढीग एकापुढे एक जोडून यंत्रांना वाचायला देत आहे. तिथेसुद्धा दोन लेखांच्या मध्ये ‘इथे संपलं’ अशी खूण घालण्याची पद्धत आहे, ती उगाच नाही. पण संपल्याची खूण आणि कुणाचं होतं याची नोंद, यांत अंतर आहे.

सूची आम्ही पुन्हा केली. फाइलींना ०१ ते १८ नावं दिली, डोक्यावरची अदृश्य खूण काढली, प्रत्येक फाइल वेगळी उघडली आणि प्रत्येक ओवीसोबत तिच्या अध्यायाचा क्रमांक ठेवला. शीर्षकाच्या ओळीवर विसंबणं सोडलं. प्रोग्रॅम सात-आठ ओळींनी वाढला, तेवढंच. आणि पहिली प्रत त्या विद्यार्थिनीला नेऊन दिली. तिने घेतली, आणि आमच्या समोरच अठरावा अध्याय उघडून शेवटचा आकडा पाहिला. आम्हाला बरं वाटलं.

एका श्रोत्यांनी विचारलं आहे, “सर, मग सलग वाचणारं साधन वापरूच नये का?” तसं नाही. खुशाल वापरा. वापरण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : हे तुकडे एका वस्तूचे आहेत, की या वेगवेगळ्या वस्तू आहेत? एका वस्तूचे असतील तर सांधा बुजवा. वेगवेगळ्या असतील तर जोडा, पण सांधा दिसू द्या.

दुसरा प्रश्न, “त्या अभियंत्याला तुम्ही काय म्हणालात?” काही नाही. माना आम्हीच डोलावल्या होत्या.